देवीनं दिलेली दोन वर्षं

स्टँडवर मला बघितल्या बघितल्या आईनं पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षाचं लिहून देणार हाईस?"

कशी हाईस नाही, काय खाल्लंस का नाही, 'किती वाळलीस गं' तर नाहीच नाही. वर्षानं लेक परदेशातनं आलीय, अजून बॅग खाली टेकली नाही, आणि ह्या बाईला चौकशी कसली, तर वर्षांची.

म्हटलं, "अगं, आधी बॅग तरी धर."

तिनं बॅग धरली, चार पावलं चालली आणि वळून म्हणाली, "दोनाचं दे लिहून. एक कशाला? दोनाचंच दे."

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा स्वभाव संशयी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी दुकानदारानं चॉकलेट फुकट दिलं तरी मी आधी त्याच्यावरची तारीख बघायचे. पण ह्या वेळी संशयाला कारण होतं. गेल्या वर्षी मी निघाले तेव्हा ह्याच बाईनं दोन महिने डोळ्याला पदर लावून घर डोक्यावर घेतलं होतं. निघायच्या दिवशी मला गोठ्यात नेलं, चंद्री म्हशीच्या पाठीवर हात ठेवायला लावला आणि शपथ घातली, "एक वर्ष. वर एक दिवस न्हाय." चंद्री आमच्या गोठ्यातली थोरली, आणि तिची शपथ मोडली तर दूध आटतं अशी आईची समजूत. आता ती शपथ कुठं गेली आणि चंद्रीचं दूध कुठं गेलं?

मी अनुजा. वय एकोणतीस, एम.ए. बी.एड. कोल्हापुरात एका खासगी शाळेत चार वर्षं इंग्रजी शिकवलं, मग व्हिएतनाममधल्या दा नांग शहरात एका सेंटरवर नोकरी मिळाली. आठ-नऊ वर्षांची पोरं, त्यांना इंग्रजी बोलायला शिकवायचं. टेट म्हणजे त्यांचं नवीन वर्ष. त्या सुट्टीत माझा करार संपला आणि सेंटरच्या बाईंनी फोनवर एक फॉर्म पाठवला. त्यात तीन चौकोन होते: परत येणार नाही, एक वर्ष, दोन वर्षं. शनिवारपर्यंत एकावर खूण करून पाठवायची. दोनावर केली तर मधे सोडता येत नाही. सोडलं तर अनुभवाचा दाखला मिळत नाही, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. हे मी निघायच्या आधी घरी फोनवर सांगितलं होतं.

मला एक पाहिजे होतं. माझ्या वर्गात मिन नावाची एक मुलगी आहे, तिनं आठ महिने तोंड उघडलं नव्हतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी तिनं मला जिन्यात थांबवलं आणि म्हणाली, "टीचर, कम बॅक." तिच्यासाठी मी परत जायला तयार होते. पण दोन वर्षं? रविवारी घरचा व्हिडिओ कॉल संपला की मी बाथरूममधे नळ सोडून रडायचे, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून. दोन वर्षं मला झेपली नसती. म्हणून विमानात मी भांडणाची तयारी करत आले होते. आई म्हणणार जाऊ नको, मी म्हणणार एकच वर्ष, ती रडणार, मी रडणार आणि शेवटी एक वर्ष पदरात पडणार. असा माझा बेत.

आणि ही म्हणते दोन. भांडायला समोर माणूसच नाही म्हटल्यावर माझ्या मनात जे आलं ते सांगायला आजही लाज वाटते. मला वाटलं, मी ह्या घरात नको झालेय.

आमचं घर कसबा बावड्यात. चार म्हशी, पप्पा धारा काढतात, आई गल्लीत रतीब घालते. धाकटा भाऊ यशराज एमआयडीसीत कामाला आहे. मी माडीवरच्या माझ्या खोलीत गेले तर भिंतींना पोपटी रंग, माझी कॉट गायब आणि माझ्या कपाटात यशराजचे डंबेल्स.

"यश्या, माझं कपाट?"

"तू दोन वर्षं न्हाईस की," तो मोबाईलमधनं मान वर न काढता म्हणाला.

"कोण म्हणलं?"

"सगळीच म्हणत्यात."

बघा म्हणजे! फॉर्म माझ्या फोनमधे, खूण मी करायची, आणि बावड्यात निकाल लागून मोकळा. खाली आले तर स्वयंपाकघरातल्या घड्याळात साडेआठ. सकाळचे सात वाजलेले मला माहीत होते. "घड्याळ पुढं कसं?" विचारलं तर आई म्हणाली, "बिघडलंय. ऱ्हाऊ दे, हात लावू नको." जिला भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं झालेलं खपत नाही ती बाई बिघडलेलं घड्याळ ठेवून घेतेय. मी तेही मनात टिपून ठेवलं.

पप्पांना गाठलं गोठ्यात. विजयसिंह माझ्या वडिलांचं नाव. नाव भारदस्त असलं तरी माणूस साधा. म्हटलं, "पप्पा, दोन वर्षं कुणी ठरवली?"

"देवीनं."

"कुठल्या देवीनं?"

"तुझ्या आईच्या माहेरच्या. कौल लावून आलीय की ती. देवीनं दोन वर्षं दिली म्हटल्यावर आपण कोण बोलणार?" एवढं बोलून ते चंद्रीच्या कासेकडं वळले. त्यांच्या मते विषय संपला होता.

आईचं माहेर मलकापूरच्या पलीकडं एका वाडीत. तिथल्या देवीचा कौल मी लहानपणापासून बघत आलेय. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक फुलाची कळी पाण्यात बुडवून चिकटवतो आणि प्रश्न सांगतो. उजवी कळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. त्या गावात जमीन घेण्यापासून पोरीच्या लग्नापर्यंत सगळं त्या दोन कळ्यांवर चालतं. आणि उजवा कौल मिळाला की नारळ फोडून अर्धी वाटी घरी आणायची, देवघरात ठेवायची, सगळ्यांनी खायची. हा नेम कधी चुकलेला नाही.

मी देवघरात जाऊन बघितलं. नारळ नाही, करवंटी नाही, काही नाही.

"आई, देवीचा नारळ कुठाय?"

"खाल्ला."

"कुणी?"

"मी. येताना एसटीत."

जिला एसटीत घोटभर पाणी प्यायलं तरी मळमळतं, तिनं म्हणे मलकापूर ते कोल्हापूर नारळ खात प्रवास केला. मुळात ती एकटी गेली कशी हाच प्रश्न. रंकाळ्याला जायचं तरी तिला सोबत लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाटेवर बसून फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. "दोन म्हणजे दोन वर्षं. देवीच्या म्होरं माझं काय चालतंय व्हय?" मला दारात बघितलं आणि फोन कट.

"कोण गं?"

"दुधाचं गिऱ्हाईक."

"दुधाच्या गिऱ्हाइकाला देवी कशाला सांगतीस?"

"तू चहा पी, निवाला लागलाय."

आता माझी खात्रीच पटली. हे यशराजचं लग्न. पोरगीवाल्यांना घरात थोरली बिनलग्नाची नणंद नको असणार, म्हणून मला दोन वर्षं लांब ठेवायचं, तोवर वरात आणून मोकळं व्हायचं. खोलीचा पोपटी रंगही त्यासाठीच. मी यशराजची गचांडी धरली. तो हसून हसून खाली बसला. "माझं लगीन? अगं, मला कोण पोरगी देतंय? रंग मी दिलाय, मला आवडला म्हणून." त्याला खोटं बोलता येत नाही, बोलला की कान लाल होतात. कान नेहमीसारखेच होते. मग संशय आणखी वाढला, कारण आता कारणही सापडेना.

गुरुवारी सकाळी मी सांगितलं, "हातकणंगल्याला मैत्रिणीकडं जाऊन येतो." आमच्याकडं बायकाही मी आलो, मी गेलो असंच म्हणतात. पुण्याच्या एका मैत्रिणीनं एकदा माझा कॉल ऐकून विचारलं होतं, तुझ्या घरी सगळे पुरुषच आहेत का.

"जा की, जा," आई म्हणाली. एरवी चार प्रश्न विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाही. मी स्टँडवर गेले आणि हातकणंगल्याच्या बरोबर उलट्या दिशेची, रत्नागिरीची एसटी पकडली. मलकापूरला उतरले, तिथनं वडापच्या शेअर जीपमधे स्वतःला कोंबून घेतलं आणि अकराच्या सुमाराला देवळाच्या पायरीवर उभी राहिले. मामाचं घर बंद असतं, ते सगळे पुण्याला. त्यामुळं कुणाला तोंड द्यायचं नव्हतं.

जोतीराम गुरव देवीसमोरची फरशी पुसत होते. सत्तरीचा माणूस, हात मात्र अजून सरळ.

"कोण पावणं?"

"बनाबाईची लेक. कोल्हापूरची."

त्यांचा हात फडक्यावर तसाच थांबला. "बनाची? ती परदेशातली?" मग घाईघाईनं म्हणाले, "हे बघ पोरी, मी काय खोटं सांगितलेलं न्हाय. आधीच सांगतो."

"मी अजून काय विचारलंच न्हाय की, मामा."

ते खांबाला टेकून बसले. मलाही बसायला सांगितलं. थोडा वेळ फडकं पिळत राहिले आणि मग आपणहून बोलायला लागले.

"गेल्या मंगळवारी आलती. म्हणली, पोरगी दोन वर्षं परदेशात ऱ्हावी का, विचार. लावल्या कळ्या. डावी पडली. म्हणली, परत लाव. परत डावी. म्हणली, आणि एकदा. आणि एकदा डावीच. मग मीच म्हणलं, बना, पोरीनं परत यावं का असं विचारून बघू? तसं लावलं. उजवी पडली गं, हात काढायच्या आत पडली."

म्हणजे कौल 'परत ये' असा होता. देवीला मी पाहिजे होते आणि आईला नको होते. बाहेरच्या माणसाच्या तोंडून हे ऐकायला मी एवढ्या लांब आले होते.

"मग आई काय म्हणाली?"

जोतीरामांनी समईची वात पुढं केली, मागं केली.

"मामा, मी विमानानं आलोय. सांगितल्याबिगर उठायचा न्हाय."

"तिनं मला बाजूला बोलावलं," ते हळू म्हणाले. "म्हणली, जोतीदादा, त्या वक्ताला डावी कळी हलकी लावलीवतीस, तशी आता उजवी लाव."

"कुठल्या वक्ताला?"

"तुला म्हाईत न्हाय?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुझ्या आईची ऑर्डर आलती. मास्तरणीची. घाट उतरून साखरप्याच्या अलीकडं शाळा. तिच्या डी.एड.ला वर्ष झालं नव्हतं."

"आईला नोकरी लागलीच नव्हती," मी म्हटलं. आमच्या घरात हे वाक्य असंच चालत आलंय. बनानं डी.एड. केलं, नोकरी लागली नाही, मग लगीन करून टाकलं. आई स्वतःही तेच सांगते.

"लागलीवती. तुझा आजा कौलाला आला. पोरगीनं घाट उतरावा का, एवढंच विचारायचं हुतं." ते स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होते. "कळी ओली असली की धरती, सुकी असली की सुटती. कौल देवीचा, खरं हात गुरवाचा असतोय. तुझ्या आजानं लबाडी कर असं सांगितलं न्हाय हां. नुसतं म्हणला, जोती, एकुलती लेक हाय. मला काय कळायचं ते कळलं. डावी कळी मी नुसती पाण्याला दावली."

"आणि ती पडली."

"पडली. महिन्याभरात बनाचं लगीन झालं, गेली कोल्हापूरला."

"आईला कळलं होतं?"

"ह्या हितंच, पायरीवर उभी हुती. देवीकडं बघत न्हवती, माझ्या हाताकडं बघत हुती. बोलली काय न्हाय. बोलली ती आता, तेहतीस वर्सांनी."

माझं डोकं तापलं. "मग ह्या वेळी का ऐकलं नाही तिचं? एकदा तिच्या विरुद्ध केलंत, एकदा तिच्या बाजूनं करायचं होतं."

"त्या दिवसापासनं दोन्ही कळ्या बुडवूनच लावतो मी. देवीपुढं नेम केलाय."

"बरा मुहूर्त गाठला प्रामाणिक व्हायला!"

"व्हय," म्हातारा म्हणाला. एवढंच. मग कोनाड्यातनं एक अख्खा नारळ काढून त्यानं माझ्यापुढं ठेवला. "हा ठेवून गेली. म्हणली, तुझ्या देवीलाच घाल."

तो नारळ पिशवीत घालून मी परत आले. वाटेत डोक्यात नुसता कालवा. आईला मास्तरीण व्हायचं होतं हे एक, आणि आईला मी नको हे दुसरं, आणि दोन्ही मला एका जागी बसवता येईना.

संध्याकाळी आई गोठ्यात म्हशींचं आंबोण कालवत होती. कोपरापर्यंत हात घमेल्यात. पप्पा दूध घालायला गेलेले.

"काय म्हणतंय हातकणंगले?"

"बरं हाय. जोतीमामांनी विचारलंय तुला." आणि मी नारळ तिच्या समोर खुंट्याशी ठेवला.

तिचा हात थांबला. मग पुन्हा कालवायला लागली, जरा जास्तच जोरात. "गेलतीस व्हय! संशयी कुठली. बापाच्या आईवर गेलीयास."

"देवी म्हणतीय ये, आणि तू म्हणतीस जा. सरळ सांग आई, मी तुला नको झालोय का?"

"थोबाड फोडीन," ती म्हणाली. आवाज चढला तशी चंद्रीनं मान वळवली. "नको झालोय म्हणं! वर्ष झालं, त्या घड्याळावरनं घरात रोज भांडाण हाय. यश्या दोनदा अंधारातच बसस्टॉपवर जाऊन बसला. तुझा बाप म्हणतोय नीट लाव, मी लावत न्हाय. दीड तास पुढं का हाय ते? अं? कुणाचं टायम हाय ते?"

मी खिशातनं फोन काढला. त्यावर अजून दा नांगचं घड्याळ होतं, मी बदललं नव्हतं. दीड तास पुढं. मी वर्गात कधी जाते, जेवते कधी, झोपते कधी, हे ही बाई भाकऱ्या थापताना बघत होती, आणि मी ते पुराव्यात धरलं होतं. माझ्यासारखं गाढव बावड्यात दुसरं नसेल.

मग तिनं सगळं सांगितलं, आंबोण कालवता कालवता. फोनवर दुधाचं गिऱ्हाईक नव्हतं, अंबूआत्या होती. अंबूबाई ही पप्पांची बहीण, कुरुंदवाडला दिलेली. तिनं तिकडचं एक स्थळ आणलं होतं. शेती, बंगला, एकुलता मुलगा. अट एकच, पोरीनं परत परदेशी जायचं नाही. मी सुट्टीला येतेय तवर बघून घेऊ, आवडलं तर लगेच उरकून टाकू, असं पप्पांनी कळवूनही टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

"मी बोलून काय व्हतंय?" आई म्हणाली. "ह्या घरात माझं कोण ऐकतंय? देवीचं ऐकत्यात. म्हणून तिच्याकडं गेलतो. तर ती बी ऐकंना. मग दिलं सांगून तिच्या नावानं."

"देवीच्या नावानं खोटं?"

"खोटंच की. मागं दुसऱ्यांनी तिच्या नावानं सांगितलं, तवा मी गप बसलो. आता मी सांगितलंय, तिनं गप बसावं."

हे तिनं देवीला घाबरून नाही, ठणकावून म्हटलं. मी माझ्या आईला म्हशी, गल्ली, रिक्षावाले ह्या सगळ्यांशी भांडताना बघितलंय. देवीशी भांडताना पहिल्यांदा बघत होते.

"मग एक वर्ष सांगायचं. दोन का?"

"एक सांगितलं असतं तर अंबू म्हणली असती, थांबू या की वर्षभर. एका वर्षाला स्थळं थांबत्यात. दोनाला न्हाय थांबत."

हे असलं गणित मला एम.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं. मी खाली बसले, तिथंच, शेणाच्या वासात, आणि पहिल्यांदा खरं बोलले. "आई, मला दोन झेपणार न्हाईत. मी तिथं रडतो. मला एकच पाहिजे."

तिनं हात धुतले, पदराला पुसले.

"मग एकच लिही. घरात दोनच सांगायचं. दुसऱ्या वर्षाचं काय करायचं ते तुझं तू ठरव. तिथं ऱ्हा न्हायतर हितं ये, शिकव न्हायतर नुसती झोपून काढ. कुणाला विचारायचं न्हाय. देवीला न्हाय आणि मला बी न्हाय."

"ती ऑर्डर हाय का अजून?"

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती घरात गेली आणि म्हशींच्या विम्याच्या फाईलीतनं एक कागद घेऊन आली. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. खाली ओळ होती: सात दिवसांच्या आत शाळेवर हजर व्हावे.

"शाळा बघितलीस कधी?"

"घाटच उतरलो न्हाय की मी. सगळी गणपतीपुळ्याला गेली तवा म्हशी कोण बघणार म्हणून ऱ्हायलो."

शुक्रवारी सकाळी आम्ही पप्पांना सांगितलं, देवीला नारळ द्यायला चाललोय. पप्पा म्हणाले, "मग जायलाच पाहिजे." मला त्यांची जरा कीव आली, खरं सांगायचं तर. पण त्यांनी मला न विचारता स्थळ ठरवलं होतं, तेव्हा एवढं चालतं.

एसटीत आईनं खिडकीची जागा घेतली, नाकाशी लिंबू धरलं. मलकापूर आलं तशी सवयीनं देवीच्या दिशेला हात जोडले, आणि लगेच खाली घेतले. घाट लागायच्या आधी, रेंज आहे तोवर, मी फोनवर फॉर्म उघडला आणि मधल्या चौकोनात खूण केली. एक वर्ष. तिला दाखवलं. तिनं लिंबू बाजूला करून ती इंग्रजी ओळ सावकाश वाचली, ओठ हलवत. मग म्हणाली, "पाठव."

मी पाठवला.

घाट संपल्यावर फाट्यावर उतरलो आणि विचारत विचारत चालत गेलो. शाळा दोन खोल्यांची, कौलारू. भिंतीवर बाराखडी आणि आकडे रंगवलेले, पुढं फणसाचं झाड, व्हरांड्यात पोरांच्या चपला ओळीनं मांडलेल्या. आत पोरं मोठ्यानं पाढे म्हणत होती. आई फाटकाशी थांबली. मी तिच्याकडं बघत होते, रडेल म्हणून. रडली नाही. चपलांच्या जोड्या मोजत होती. "एकोणीस," म्हणाली. "बरा पट हाय."

आतनं एक मास्तरीण बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या, हातात खडू. दोन अनोळखी बायका बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कोण आपण? कुणाकडं आलात?"

मी तोंड उघडणार होते, आम्ही सहज आलोय, नुसती शाळा बघायला, असलं काहीतरी सांगणार होते. तेवढ्यात आईनं पदर नीट केला, पिशवीतनं तो कागद काढला आणि दोन्ही हातांनी त्या मास्तरणीपुढं धरला.

"हजर व्हायला आलतो, बाई," ती म्हणाली. "जरा उशीर झाला."